आधी एका खोलीत बसा

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं, नऊ गाण्यांच्या फाइलही मिळाल्या. गाणी आधी हेडफोनवर ऐकली आणि मग बाहेरच्या खोलीतल्या जुन्या स्पीकरवर. चाली चांगल्या आहेत. तिसऱ्या गाण्यातला मधला भाग तर डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र लांबणार आहे. चाली बेताच्या असत्या तर दोन ओळी कौतुकाच्या लिहून मोकळा झालो असतो.

तू विचारतेस, सगळं बरोबर वाजलंय तरी ड्रम निर्जीव का वाटतात? माझा हातच कमी पडतोय का? मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज एकत्र जमवणं, शिकू की ड्रम सोडून देऊ? या प्रश्नांपेक्षा पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलेली माहिती मला जास्त महत्त्वाची वाटली. गिटारवाला म्यूनिकला, बासवाला बंगळूरला, गाणारा आणि तू पुण्यात, पण तुम्ही दोघंही आपापल्या घरी. क्लिकवर, म्हणजे कानात एकसारखी लय देणाऱ्या टकटकीवर, आधी गिटार, त्यावर बास, त्यावर गाणं आणि सगळ्यांत शेवटी तू. मग तुझा प्रत्येक ठोका कुणीतरी स्क्रीनवरच्या उभ्या रेघेला नेऊन चिकटवला. दोन वर्षं हे चाललंय.

ड्रम शेवटी! ज्याच्या भरवशावर बाकीच्यांनी वाजवायचं, त्यालाच सगळं ठरून गेल्यावर बोलावलं.

तुझ्या हातात काही खोट नाही. तुला मी कार्यक्रमात समोर बसून ऐकलंय. दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे स्नेअर या छोट्या ड्रमवर तू जे हलके हलके ठोके पेरतेस, ते या फाइलींत आहेत, पण सगळे एका मापाचे, एका अंतरावर. ते तुझे राहिलेले नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तू त्या तिघांबरोबर वाजवलेलंच नाहीस, त्यांच्या फाइलींबरोबर वाजवलंयस. फाइल तुझं ऐकत नाही. तू जरा मागे रेललीस तर ती थांबत नाही, तू पेटलीस तर ती पेटत नाही.

एका खोलीत बसा. चौघं, एका वेळी, एकमेकांचे चेहरे दिसतील असे. मला सांगायचंय ते एवढंच. बाकीचं पत्र तू वाद घालणार हे ठाऊक आहे म्हणून लिहितोय.

तू ड्रमर आहेस, तर ड्रमरपासूनच सुरुवात करतो. लेव्हॉन हेल्म. ‘द बँड’ याच नावाच्या बँडचा ड्रमर, आणि वाजवता वाजवता गाणारा. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉक गावाच्या झाडीत त्याचं घर होतं आणि तेच घर त्याचा स्टुडिओ. लाकडी बार्न, म्हणजे शेतावरचं मोठं कोठार असतं तसा, उंच छत, उघड्या तुळया. 1991 मध्ये तो बार्न जळाला. त्याने पुन्हा उभा केला. मग घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशन झालं, आवाज गेला, कुजबुजण्यापुरता उरला. उपचारांचा खर्च अंगावर, घर हातचं जातंय की काय अशी पाळी.

अशा वेळी हा माणूस काय करतो? 2004 पासून तो शनिवारी रात्री लोकांना घरी बोलवायला लागतो. लहानपणी त्याने आर्कान्सात तंबूतले फिरते खेळ पाहिले होते. मुख्य खेळ संपल्यावर उशिरा मोठ्या माणसांसाठी आणखी एक खेळ व्हायचा, त्याला ‘मिडनाइट रॅम्बल’ म्हणायचे. तेच नाव त्याने या मैफलींना दिलं. लोक तिकीट काढून यायचे आणि येताना घरून काहीतरी करून आणायचे. ते सगळं टेबलावर मांडलं जायचं, ज्याला हवं त्याने घ्यावं. दोनेकशे माणसं, वादकांना अगदी खेटून. सुरुवातीला लेव्हॉन नुसता वाजवायचा. मुलगी एमी शेजारी गायची. लॅरी कॅम्पबेल गिटार घेऊन उभा असायचा, बॉब डिलनच्या बँडमध्ये वर्षानुवर्षं वाजवून आलेला माणूस. आणि दर शनिवारी असं वाजवता वाजवता लेव्हॉनचा आवाज थोडा थोडा परत आला. खरखरीत, कडांना फाटलेला, पण त्याचाच.

त्याच बार्नमध्ये त्याने आई-वडिलांकडून शिकलेली जुनी गाणी ध्वनिमुद्रित केली. ‘डर्ट फार्मर’, 2007. त्याआधीचा त्याचा एकट्याचा स्टुडिओ अल्बम 1982 चा होता. ‘डर्ट फार्मर’ला ग्रॅमी मिळालं, 2009 च्या ‘इलेक्ट्रिक डर्ट’लाही मिळालं. ग्रॅमीचं सोड. तू फक्त ड्रम ऐक. त्या खोलीची लाकडं त्या ड्रममध्ये ऐकू येतात. आणि तो गाण्याच्या मागे वाजवत नाही, गाण्याच्या आतून वाजवतो. हे त्याला जमायचं, कारण गाणारे त्याच्यासमोर बसलेले असायचे.

मग 2011 च्या उन्हाळ्यात मेव्हिस स्टेपल्स तिथे आली. शिकागोची गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारी गायिका, वडील आणि भावंडांबरोबर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत गायलेली. लेव्हॉनची जुनी स्नेही. दोघांची सत्तरी उलटलेली. तिचे वादक आणि त्याचे वादक एकाच जागी दाटीवाटीने बसले, समोर लोक, आणि रेकॉर्डिंग चालू. दहा महिन्यांनी, 19 एप्रिल 2012 ला, लेव्हॉन गेला. ते रेकॉर्डिंग ‘कॅरी मी होम’ नावाने 2022 मध्ये बाहेर आलं. हा अल्बम आजच ऐक. मेव्हिस ओळीच्या शेवटी श्वास घेते त्या क्षणी लेव्हॉनच्या काठ्या काय करतात, तेवढंच ऐक. गाणं पहिल्यापासून सुरू कर आणि पुन्हा तेवढंच ऐक.

तू म्हणशील, ते उस्ताद लोक होते, त्यांना परवडतं. हेच मला ऐकवत नाही! अगं, 2011 मध्ये इंटरनेट होतं, फाइली पाठवता येत होत्या, मेव्हिसला शिकागोत बसून गाता आलं असतं. जगातला कुठलाही स्टुडिओ त्यांना मिळाला असता. आयुष्यभर सगळ्या प्रकारांनी रेकॉर्डिंग करून झाल्यावर त्या वयात त्यांनी निवडलं काय, तर झाडीतली एक लाकडी खोली आणि समोर माणसं. उस्तादांचं अनुकरण करायचं तर त्यांच्या पेडलचं आणि स्नेअरच्या कंपनीचं करू नकोस, हे कर.

दुसरी जागा वेल्समधली. मॉनमथजवळच्या रॉकफील्डचं शेत. किंग्जली आणि चार्ल्स वॉर्ड हे दोघे भाऊ, घरचा धंदा दुभत्या गाईंचा. दोघांना रॉक अँड रोलचं वेड. आधी घराच्या माळ्यावर रेकॉर्डिंग सुरू केलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पशुखाद्याच्या गोण्या लावल्या. मग एकेक करून शेतावरच्या इमारती स्टुडिओ होत गेल्या. 1965 पासून तिथे राहून रेकॉर्डिंग करता यायला लागलं. मुक्कामी स्टुडिओ म्हणून हा जगातला पहिला मानतात. रेकॉर्डिंग चालू आणि गाईंची धारही चालू, असे ते दिवस. 1970 मध्ये डेव्ह एडमंड्स या गायकाचं तिथलं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि मग रांग लागली.

शहरातल्या स्टुडिओत काय होतं, ते मी जन्मभर पाहिलंय. शिफ्ट लावलेली असते. पहिला तास केबल शोधण्यात, दुसरा ड्रम सुरात लावण्यात, तिसऱ्यात सगळे घड्याळाकडे बघायला लागतात आणि पुढची पार्टी बाहेर बाकावर येऊन बसलेली असते. शेतावर राहिलं की शिफ्ट हा प्रकारच उरत नाही. रात्री जेवताना कुणीतरी ताटाच्या कडेवर ठेका धरतो, दुसरा त्यात ओळ घालतो, हात धुवून सगळे तसेच आत जातात. कॅनडाचा ‘रश’ बँड 1977 मध्ये रॉकफील्डला होता, तेव्हा त्यांनी अल्बमची सुरुवातच बाहेरच्या अंगणात वाजवून रेकॉर्ड केली. गिटारच्या मागे तिथले पक्षी ऐकू येतात. तुमच्या चौघांच्या घरचे पंखे मला या फाइलींत ऐकू आले, पण चार वेगवेगळे!

आता तुझा सगळ्यांत आवडता मुद्दा. ‘क्वीन’ बँडचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ पण आवाजांचे थरावर थर चढवूनच केलं ना? हो, केलं. 1975 मध्ये, आणि सुरुवात याच रॉकफील्डवर झाली. 24 ट्रॅकची टेप, ऑपेराच्या भागात आवाजांचे सुमारे 180 थर, आठवडेच्या आठवडे काम, पुढे आणखी चार-पाच स्टुडिओ. टेप इतकी फिरली की तिच्यातून आरपार दिसायला लागलं, असं सांगतात. पण पाया कसा घातला? फ्रेडी मर्क्युरी पियानोवर, रॉजर टेलर ड्रमवर, जॉन डीकन बासवर, तिघं एकदम वाजवत होते. आणि ऑपेराचे ते आवाज फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर या तिघांचे, एका जागी उभे राहून, एकमेकांचं तोंड बघत घेतलेले. थर चढवायला माझी ना नाही. हवे तितके चढव. पण आधी एका खोलीत बसा आणि खाली जिवंत काहीतरी वाजू दे.

या शेतावरची मला सगळ्यांत जवळची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुला सांगायला जरा मागे जावं लागेल. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात लेड झेपलिन हा बँड राहून रेकॉर्डिंग करायचा. मूळची ती गरिबांना ठेवण्यासाठी बांधलेली इमारत. बाहेर रोलिंग स्टोन्स या बँडची रेकॉर्डिंगची गाडी उभी. त्यांचा ड्रमर जॉन बोनम, त्याचे ड्रम त्यांनी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मांडले आणि रेकॉर्डिस्ट अँडी जॉन्सने वरच्या मजल्यावरून जिन्यात दोन रिबन माइक सोडले. बायर कंपनीचे एम-160, आत धातूची पातळ पट्टी असलेले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ची सुरुवात ऐक. एक ठोका पडतो, जिना चढून वर येतो, आणि मग माइकमध्ये शिरतो. अर्धशतक झालं, लोक तो आवाज मशीनमध्ये भरून विकतायत, आणि तुझ्या लॅपटॉपमध्येही त्याची नक्कल आहे हे मला ठाऊक आहे.

25 सप्टेंबर 1980 ला बोनम गेला. बत्तीस वर्षांचा होता. डिसेंबरात बाकीच्या तिघांनी जाहीर केलं की त्याच्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. दुसरा ड्रमर आणून जगभर दौरे करता आले असते, पैशाचा पाऊस पडला असता. बँड बंद केला. ड्रमर म्हणजे काय, हे ज्यांना कळलं होतं त्या माणसांनी घेतलेला हा निर्णय आहे. आणि तुझ्या बँडमध्ये तू सगळ्यांत शेवटी!

मग त्यांचा गायक रॉबर्ट प्लँट कुठे गेला? रॉकफील्डला. बारा वर्षं जगातल्या सगळ्यांत मोठ्या बँडमध्ये गायलेला माणूस, आता पाठीमागे बोनम नाही, बाजूला गिटारवाला जिमी पेज नाही. ‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’ हा त्याचा एकट्याचा पहिला अल्बम त्या शेतावर झाला, 1982 मध्ये आला. गिटारला रॉबी ब्लंट. आठ गाण्यांपैकी सहा गाण्यांत ड्रम फिल कॉलिन्सचे आणि उरलेल्या दोनांत कोझी पॉवेलचे. कॉलिन्सची स्वतःची कारकीर्द तेव्हा ऐन भरात होती. तरी तो आला आणि दुसऱ्याच्या मागे बसून वाजवून गेला. तो अल्बम सबंध काही थोर नाही, मला त्यातली काही गाणी आवडत नाहीत. पण त्यात एक माणूस नव्या माणसांबरोबर पुन्हा उभं राहायला शिकतोय, हे कानाला कळतं. घरी एकट्याने फाइलींवर गाऊन हे झालं नसतं.

हे सगळं परदेशातलं झालं, आपलं काय, असं तुझ्या त्या गाणाऱ्याने विचारलं तर त्याला हे सांग. याच प्लँट आणि पेजने 1972 मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. ती कपाटात पडून होती, 2015 मध्ये बाहेर आली. ‘फोर स्टिक्स’ हे नाव का, तर मूळ गाण्यात बोनमने दोन्ही हातांत दोन दोन काठ्या धरल्या होत्या. मुंबईत त्या ठेक्यावर आपले लोक बसले. आणि आपल्या लोकांना एका खोलीत बसून वाजवणं नवं नव्हतंच. ताडदेवचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, सिनेमाच्या गाण्यांचे हे स्टुडिओ, तिथे सबंध वाद्यवृंद आणि गाणारा एकदम वाजवत-गात. सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याहून आलेले लोक स्वरलेखन मांडून देत. एकाची चूक झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्या धाकाने माणूस दुसऱ्याचं ऐकायला शिकायचा. आपल्या गावची भजनी मंडळंही आजवर असंच वाजवत आलीत. पखवाजवाला टाळकऱ्यांकडे बघतो, टाळकरी बुवांकडे, आणि अभंग शेवटाकडे चढतो तेव्हा लय किती वाढवायची हे कुणी कुणाला सांगत नाही. तुमच्या कुठल्याही गाण्यात शेवटाला लय तसूभरही वाढत नाही. वाढणार कशी? क्लिकला कुठे माहीत आहे की गाणं संपत आलंय?

आता माझं थोडं. मी मुंबईत रेकॉर्डिस्टचं काम केलं आणि बास वाजवला, हे तुला माहीत आहे. आमच्या बँडचा ड्रमर मडगावचा. रियाजाला आम्ही एका गॅरेजमध्ये बसायचो आणि तो माझ्याकडे न बघता, माझा अंगठा तारेवर कधी पडणार हे ओळखायचा. आमचा एकुलता एक अल्बम करायची वेळ आली तेव्हा स्टुडिओच्या मालकाने मल्टिट्रॅकवर, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगवेगळं घेता येतं अशा टेपवर, प्रत्येकाला वेगळी शिफ्ट लावून दिली. असंच करतात, वेळ वाचतो, म्हणाला. मी विरोध केला, पैसे त्याचे होते, माझं चाललं नाही. ड्रमर सोमवारी वाजवून गेला, मी गुरुवारी. पुढे काही वर्षांनी तो गेला. माझ्याकडे त्याची ती एक कॅसेट आहे. तिच्यात तो आहे, मीही आहे, आणि आम्ही दोघं एकत्र कुठेच नाही. गॅरेजमधलं आमचं वाजवणं कुणी रेकॉर्ड केलं नाही. ती हळहळ माझ्या मनातून जात नाही, जाऊही नये.

म्हणून एका खोलीत न बसलेल्या बँडचं मिक्सिंग मी हाती घेत नाही. लोक मला हेकट म्हणतात. कामं गेली, ओळखीचे तुटले, नवी पोरं म्हणतात काका जुन्या काळात अडकलेत. अडकलो असेन. पण माझ्याकडे आलेल्या कुठल्याही बँडला विचार. जे मुकाट्याने खोलीत बसले, त्यांच्यातला एकही जण नंतर म्हणाला नाही की वेगवेगळं केलं असतं तर बरं झालं असतं. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचा नाइलाज होता, तेव्हा मीही घरोघरचे ट्रॅक जुळवून दिले. आता नाइलाज नाही. आता निव्वळ आळस आहे, आणि त्याला सोय हे नाव दिलंय.

तुझ्या बासवाल्याने सुचवलंय ते ऑनलाइन एकत्र वाजवण्याचं ॲप डोक्यातून काढून टाक. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे तीन मीटरवर बसलेल्या बासवाल्याला तुझा ठोका सुमारे 9 मिलिसेकंदांत पोचतो, तेवढं अंगवळणी पडलेलं असतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते म्यूनिक सरळ रेषेत सहा हजारांवर किलोमीटर. नुसत्या अंतरालाच 30 मिलिसेकंदांहून जास्त लागतात, आणि तारा सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत यंत्रं आहेत, दोन्हीकडे कॉम्प्युटर आहेत. कुठलंही ॲप आलं तरी म्यूनिक पुण्याच्या जवळ येणार नाही. गिटारवाल्यालाच यावं लागेल.

आणि तो डिसेंबरात सुट्टीवर येतोय, हे तूच लिहिलंयस! मग प्रश्न कुठे आहे? भोर, मुळशी, सातारा, कुठेही शेतावरचं रिकामं घर मिळतं. स्टुडिओच हवा असा हट्ट नको. घर बघताना मात्र छताकडे बघ. सिमेंटचे पत्रे असतील तर ड्रमचा आवाज नुसता कडकडेल. कौलं आणि खाली लाकडी फळ्या असतील तर ते घर डोळे मिटून घे. चौकोनी, रिकामी, गुळगुळीत भिंतींची खोली घेऊ नकोस. धान्याची पोती, गाद्या, पुस्तकांचं कपाट, जे असेल ते भिंतीला लागू दे. डिसेंबरात बेडूक नसतात, पावसाचा मारा नसतो, पंखे बंद ठेवता येतात. दिवस बरोबर निवडलायत, कळत-नकळत.

वीज आधी तपास. गावाकडे शेतीपंपांची वीज कधी येते याचं वेळापत्रक शेजाऱ्याला विचार, कारण पंप सुरू झाला की व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नकोस, गिटारच्या ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीत, घरघर येते. अर्थिंग आहे की भिंतीत नुसतंच तिसरं भोक आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घे. नसेल तर जमिनीत नवं करून घ्यायला एक दिवस पुरतो.

ड्रम खोलीच्या कोपऱ्यात नको, लांब भिंतीपासून थोडे पुढे ओढ. बासवाला तुझ्या हायहॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या, बाजूला, इतका जवळ की त्याचा उजवा हात तुला दिसला पाहिजे. बासचा ॲम्प पलीकडच्या खोलीत गेला तरी चालेल, माणूस जाता कामा नये. गिटारचा ॲम्प गादीआड ठेवा. गाणारा तुमच्यामध्ये उभा राहू दे. त्याच्या माइकमध्ये तुझी झांज शिरेल, म्हणून तू घाबरशील. घाबरू नकोस. शिरू दे. एकमेकांच्या माइकमध्ये शिरलेले हे आवाज मिक्सिंगला त्रास देतात, हे खरं आहे, मी तो त्रास आयुष्यभर काढलाय. पण त्यानेच चार माणसं एका घरात होती हे ऐकणाऱ्याला कळतं. त्याचा माइक तुझ्याकडे पाठ करून ठेव आणि पुढचं माझ्यावर सोड. हेडफोन शक्यतो घालू नका. कानाला ऐकू येत नसेल तर दुसऱ्याने हळू वाजवायचं. ती सवय तुमच्यातल्या गिटारवाल्याला लावायलाच हवी, सगळीकडे तोच मोठा ऐकू येतो.

क्लिक नको. लय सरकेल. सरकू दे, फक्त चौघांची मिळून सरकली पाहिजे. एक गाणं दिवसात झालं तर उत्तम, नाही झालं तर सोडून द्या, संध्याकाळी शेतावर फिरून या आणि दुसरं काहीतरी वाजवा. पहिले दोन दिवस तर रेकॉर्डिंगचं बटण दाबूच नका. त्या दोन दिवसांत भांडणं होतील. दोन वर्षांत तुम्ही एकमेकांना नुसत्या फाइली पाठवल्यात, त्यामुळे न बोललेलं खूप साठलंय. स्वयंपाक पाळीपाळीने करा, बाहेरून डबा मागवू नका. जो माणूस तुझ्यासाठी भाकरी थापतो, त्याच्या सोलोच्या मागे तू वेगळं वाजवतेस. हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही, पण पाहिलंय.

मिक्सिंगचा कोर्स करायचा तर नंतर कर, चांगलाच आहे. ड्रम सोडण्याचं नाव काढू नकोस, त्यावर मी दुसरं पत्र लिहिणार नाही. त्या तिघांना हेच पत्र वाचून दाखव. गाणारा कुरकुर करेल की गावात नेटवर्क नसतं. तेच हवंय म्हणावं.

गिटारवाल्याचं तिकीट कोणत्या तारखेचं आहे ते या आठवड्यात कळव. जागा बघायला मी तुझ्याबरोबर येतो, टाळी वाजवून खोली कशी ऐकायची ते तिथेच दाखवेन. माझ्याकडे रिबन माइकची एक जोडी आहे, ती घेऊन येईन. स्नेअरला नवं कातडं आत्ताच चढव, म्हणजे डिसेंबरापर्यंत बसेल. आणि क्लिकवर केलेलं ते नऊ गाण्यांचं सेशन त्या घरी आणू नका. गाणी चौघांनाही पाठ असतील तरच या.

तुझा,
बासवाला काका